उघड्या शटरमधला धूर

“धुराला मुळात कडाच नसतात. तो आधीच पुसट असतो. मग त्याला आणखी मोशन ब्लर कशाला द्यायचा?”

व्हीएफएक्स शिकायला आलेल्या मुलामुलींना धूर आणि आग शिकवायला लागलो, तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. मी लगेच उत्तर देत नाही. एकाच स्फोटाची दोन रेंडर दाखवतो, एक ब्लर असलेलं आणि एक नसलेलं. चौकट थांबवून पाहिली तर ब्लर नसलेलं रेंडर जास्त देखणं वाटतं. प्रत्येक भोवरा, धुराची प्रत्येक गुंडाळी कोरून काढल्यासारखी दिसते, आणि बहुतेक हात त्याच्या बाजूने वर होतात. मग दोन्ही चालवून दाखवतो. आता तोच देखणा स्फोट खडखडायला लागतो. लोळ सरकत नाहीत, एका जागेवरून दुसऱ्या जागी उड्या मारतात. तीस मीटर उंचीचा म्हणून रचलेला स्फोट टेबलावर फुटलेल्या फटाक्याएवढा वाटतो. या दोन रेंडरांमध्ये जो फरक आहे, त्याबद्दलच हे पुस्तक आहे.

सुरुवात कॅमेऱ्यापासून करायला हवी, कारण संगणकावर आपण जे काही करतो ते शेवटी कॅमेऱ्याच्याच सवयींचं अनुकरण असतं. सिनेमाचा कॅमेरा सेकंदाला २४ चौकटी घेतो. त्याच्या फिरत्या शटरचा उघडा भाग सहसा १८० अंशांचा, म्हणजे अर्ध्या वर्तुळाचा असतो. त्यामुळे प्रत्येक चौकटीवर १/४८ सेकंद प्रकाश पडतो. हा वेळ ऐकायला नगण्य वाटतो. पण सेकंदाला ३० मीटर वेगाने फुगणारा आगीचा लोळ तेवढ्यात ६२ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. या ६२ सेंटिमीटरांतल्या प्रत्येक ठिकाणी तो थोडा थोडा वेळ होता आणि प्रत्येक ठिकाणचा प्रकाश त्याच चौकटीवर साचला. पडद्यावर मोठा स्फोट मऊ आणि जड दिसतो तो या साचण्यामुळे.

हा वेळ किती ठेवायचा हे छायाचित्रकार ठरवतो. १९९८ च्या ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’मध्ये यानुश कामिन्स्की यांनी समुद्रकिनाऱ्यावरच्या लढाईसाठी शटर ४५ आणि ९० अंशांवर आणलं. तिथे स्फोटात उडालेल्या मातीचं ढेकूळ न् ढेकूळ सुटं दिसतं आणि बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. उलट २०१२ च्या ‘द हॉबिट’मध्ये सेकंदाला ४८ चौकटी आणि २७० अंशांचं शटर वापरलं गेलं, म्हणजे प्रत्येक चौकटीला १/६४ सेकंद. तेव्हा धुराचं काम हाती घेताना पहिला प्रश्न चित्रीकरणाच्या नोंदींना विचारायचा असतो: शटर किती अंशांचं होतं? हा प्रश्न न विचारता केलेला धूर, कितीही सुंदर असला तरी, खऱ्या चित्रीकरणावर चिकटवल्यासारखा दिसतो. हे मी अनेकदा पाहिलं आहे आणि सुरुवातीच्या काळात स्वतः केलंही आहे.

ब्लर नसेल तर काय बिघडतं, हे सिनेमावाल्यांना संगणकाच्या कितीतरी आधी कळलं होतं. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी ‘आगकाड्यांची मौज’मध्ये आगकाड्या एकेक चौकट सरकवून नाचवल्या, त्याला आता शंभराहून जास्त वर्षं झाली. अशा स्टॉप-मोशन चित्रीकरणात प्रत्येक चौकट घेताना वस्तू स्थिर असते, म्हणून हालचालीत एक ठसका येतो. आगकाड्यांना तो शोभतो, ड्रॅगनला शोभत नाही. म्हणून १९८१ च्या ‘ड्रॅगनस्लेयर’साठी इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकमध्ये फिल टिपेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ड्रॅगनच्या प्रतिकृतीला मोटारी जोडल्या आणि शटर उघडं असतानाच ती हलवली. या पद्धतीला ‘गो-मोशन’ नाव पडलं.

पुढच्याच वर्षी संगणकाची आग पडद्यावर आली. ‘स्टार ट्रेक २ : द रॅथ ऑफ खान’मध्ये एका मृत ग्रहावर आगीची भिंत पसरत जाते. लुकासफिल्ममध्ये विल्यम रीव्ह्ज यांनी ती असंख्य कणांनी रचली. त्यांनी प्रत्येक कण ठिपक्यासारखा काढला नाही. शटर उघडताना कण कुठे आहे आणि मिटताना कुठे असेल ते काढून त्या दोन जागांमध्ये एक सरळ रेघ ओढली. संगणकाची ही पहिली गाजलेली आग मोशन ब्लरसकटच जन्माला आली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आगीला आधी रूप द्यायचं आणि मग त्यावर ब्लरचा हात फिरवायचा, असं रीव्ह्ज यांनी केलं नव्हतं. त्यांच्या कणाचं रूपच त्याच्या वेळेतून आलं होतं. दोन वर्षांनी, १९८४ मध्ये, रॉबर्ट कुक, थॉमस पोर्टर आणि लॉरेन कारपेंटर यांनी हाच विचार किरणांना लावला: चौकट रंगवणारा प्रत्येक किरण शटरच्या काळातला एक वेगळा क्षण निवडेल, त्या क्षणी जग जसं असेल तसं पाहील आणि सगळ्या किरणांची सरासरी म्हणजे चित्र. बिलियर्डच्या धावत्या चेंडूंचं त्यांचं चित्र आजही शिकवलं जातं. चेंडूला हे सहज लागू पडलं, कारण चेंडू कुठल्याही क्षणी कुठे आहे ते सांगता येतं. धुराचं तसं नाही, आणि आपला विषय खरा इथून सुरू होतो.

सिम्युलेशनमधला धूर ही वस्तू नसते. अवकाशाचे बारीक घनाकृती कप्पे पाडलेले असतात. त्यांना व्हॉक्सेल म्हणतात. प्रत्येक कप्प्यात धुराची घनता किती, तापमान किती आणि तिथली हवा कुठे व किती वेगाने चालली आहे, एवढ्याच नोंदी असतात. कप्पे जागचे हलत नाहीत. हलतो तो त्यांच्यातला माल. १९९९ मध्ये योस स्टाम यांनी ‘स्टेबल फ्लुइड्स’ या निबंधात मांडलेली आणि नंतर सगळ्या धंद्याने उचललेली युक्ती अशी: कप्प्याने ‘माझ्यातला माल कुठे जाईल’ असं विचारायचं नाही, ‘माझ्याकडे माल कुठून आला’ असं विचारायचं. वेगाच्या उलट दिशेने मागे जायचं, तिथे जे असेल ते उचलून आणायचं. गणित त्यामुळे कोसळत नाही आणि वेळेच्या मोठ्या टप्प्यांनी पुढे जाता येतं.

मोशन ब्लर करताना रेंडरर हाच प्रश्न पुन्हा विचारतो. शटरमधला एक क्षण घेतलेला किरण हवेतल्या एका बिंदूशी येतो, तिथला वेग पाहतो, तेवढ्या वेळापुरता मागे जातो आणि तिथली घनता आणतो. २००७ मध्ये दोयुब किम आणि ह्योंग-सोक को यांनी ही पद्धत नीट लिहून काढली. हुदिनी, आर्नोल्ड यांसारख्या आपल्या रोजच्या साधनांत ती निरनिराळ्या नावांनी बसलेली आहे. पद्धत स्वस्त आहे, बहुतेक वेळा पुरेशीही आहे. पण ती कुठे फसते हे माहीत नसलेला कलाकार रात्र रात्र नको त्या खटक्यांशी खेळत बसतो.

पहिली फसगत कडेची. एका कामात माझ्या धुराच्या लोटाची कड कात्रीने कापल्यासारखी दिसत होती. आतला धूर छान पसरलेला, पण बाहेरची रेष करकरीत. दोन दिवस मी नॉइज, सॅम्पल, प्रकाश यांच्यात कारण शोधत होतो. कारण साठवणीत होतं. फाइल लहान व्हावी म्हणून जिथे धूर आहे तिथलाच वेग ठेवला होता आणि बाकीचा काढून टाकला होता. आता विचार करा: जिथे अजून धूर पोचलेला नाही पण शटर मिटण्याआधी पोचणार आहे, त्या रिकाम्या कप्प्यात किरण येतो आणि विचारतो, तुझ्याकडे कुठून काय येतंय? वेग शून्य. म्हणून उत्तर येतं, काहीच नाही. धूर बाहेर पसरूच शकत नाही. उपाय साधा आहे: धुराच्या बाहेरही एक पट्टाभर वेग राखायचा. किती? मघाचाच लोळ घ्या. १/४८ सेकंदात ६२ सेंटिमीटर, व्हॉक्सेल ५ सेंटिमीटरांचा, म्हणजे निदान १३ कप्पे. अंदाजाने दोन-तीन कप्पे वाढवणाऱ्यांची कड म्हणूनच कापलेली राहते.

वेग टाकून देण्याचा मोह का होतो तेही सांगायला हवं, कारण तो आळस नसतो. ५०० गुणिले ५०० गुणिले ५०० कप्प्यांची जाळी म्हणजे साडेबारा कोटी व्हॉक्सेल. प्रत्येकाची घनता चार बाइटांत ठेवली तर एका चौकटीला ५०० मेगाबाइट लागतात. वेगाला तीन दिशा, म्हणून त्याला दीड गिगाबाइट. म्हणजे पडद्यावर कधीच न दिसणारी गोष्ट दिसणाऱ्या गोष्टीच्या तिप्पट जागा खाते. ड्रीमवर्क्समध्ये केन म्युझेथ यांनी घडवलेली ओपनव्हीडीबी ही रचना २०१२ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. रिकाम्या कप्प्यांना ती जागाच देत नाही, त्यामुळे हे ओझं पुष्कळ हलकं झालं. पण रिकाम्या दिसणाऱ्या कप्प्यातही कामाचा वेग असू शकतो, हे ती आपल्या वतीने ठरवू शकत नाही. ते आपणच सांगायचं असतं.

दुसरी फसगत अधिक खोल आहे आणि या पुस्तकाचा गाभा तिथेच आहे. अनेकांना वाटतं की आधीच धुराची जाळी ब्लर करून ठेवावी. शटरच्या काळातल्या घनतांची सरासरी काढावी आणि ती एकदाच रेंडर करावी. वेळ वाचेल. पण कॅमेरा घनतेची सरासरी काढत नाही, प्रकाशाची काढतो, आणि या दोन सरासऱ्या सारख्या नसतात. समजा, एका पिक्सेलसमोर शटरचा अर्धा वेळ दाट धूर आहे आणि अर्धा वेळ स्वच्छ हवा. दाट धुरातून मागचा प्रकाश जेमतेम २ टक्के येतो, स्वच्छ हवेतून १०० टक्के. खरी सरासरी ५१ टक्के. आता घनतेची सरासरी काढून पाहा. निम्म्या घनतेचा धूर पूर्ण वेळ राहिला तर प्रकाश येतो सुमारे १४ टक्के, कारण धुरातून जाणारा प्रकाश घनतेच्या सरळ प्रमाणात घटत नाही, घातांकाने घटतो. पडद्यावर याचा अर्थ असा की वेगाने जाणारा धूर काळवंडतो, जड होतो, कोळशाच्या भुकटीसारखा दिसतो. कलाकार मग घनता कमी करतो, आणि धूर जिथे थांबतो तिथे तो विरळ पडतो. मूळ चूक जागच्या जागी राहते.

आगीतही हाच हिशोब चुकतो. तापलेल्या पदार्थातून बाहेर पडणारी एकूण ऊर्जा तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. एखादी जागा शटरचा अर्धा वेळ २००० केल्विन आणि अर्धा वेळ १००० केल्विन असेल, तर ऊर्जांची खरी सरासरी १५०० केल्विनच्या ऊर्जेपेक्षा जवळजवळ १.७ पट निघते. नुसत्या दिसणाऱ्या प्रकाशापुरतं बोलायचं तर फरक याहूनही मोठा. तापमान आधी ब्लर केलं की ज्वाळेतली पांढरी-पिवळी धग जाते आणि विझत आलेल्या निखाऱ्याचा तांबडा रंग उरतो. मी विद्यार्थ्यांना एकच सांगतो: सरासरी प्रकाशाची काढा, मालाची नको. किरणाला त्याचा क्षण द्या, त्या क्षणाचा धूर आणि त्या क्षणाची आग त्याला बघू द्या. नॉइज वाढेल, सॅम्पल वाढवावे लागतील, रेंडर लांबेल. त्याला पर्याय नाही.

दोन चौकटींमधला धूर एकमेकांत मिसळूनही ब्लर होत नाही, हेही इथेच सांगून टाकतो. त्यातून एक धूर विरतो आणि दुसरा उगवतो. सरकत कुणीच नाही.

तिसरी फसगत उगमाची. निवाऱ्यात लावलेल्या समईची ज्योत आठवा. ती हलत नाही. कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवून फोटो काढला तरी तिची कड स्वच्छ येते. पण त्या ज्योतीतला वायू स्थिर नसतो, तो सतत वर धावत असतो. खालून नवी वाफ येते, पेटते, वर जाते, थंडावते, आणि या सगळ्या धावपळीतून ज्योतीचा आकार मात्र जागच्या जागी टिकतो. आता हीच ज्योत सिम्युलेशनमध्ये करा आणि वेग वापरून ब्लर लावा. रेंडरर वायूचा वेग पाहतो आणि सगळी ज्योत वर फरफटत नेतो. बुडाशी ती वातीपासून सुटते, टोकाशी ती पुसली जाते. गॅसच्या शेगडीच्या निळ्या ज्योतींना, बंबाच्या धुराड्यातून निघणाऱ्या धुराला, धावत्या गाडीच्या चाकाखालून उडणाऱ्या धुळीलाही हेच होतं: जिथून धूर निघतो, तिथे एक फट पडते.

कारण असं की ही पद्धत एक गोष्ट गृहीत धरते: जे काही आहे ते वाहत आलेलं आहे. उगमाशी तसं नसतं. तिथे माल जन्माला येतो, आणि ज्योतीच्या टोकाला तो संपतो. मागे जाऊन विचारलं तर ‘इथे काहीच नव्हतं’ हे उत्तर खरंच असतं. पण ते शटरच्या काळात इथेच पेटलं, हे त्या प्रश्नातून कळत नाही. आगीच्या बाबतीत मला हा दोष सर्वांत मोठा वाटतो, आणि त्याच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. त्यावर हातचा उपाय म्हणजे उगमाजवळचा वेग हळूहळू कमी करत शून्यावर आणणं. मी तो सर्रास वापरतो. मुळातला उपाय महाग आहे: सिम्युलेशनच्या मधल्या पायऱ्याही साठवायच्या आणि प्रत्येक कप्प्याचा शटरच्या काळातला खरा इतिहास ठेवायचा. मॅग्नस रेनिंगे यांनी २०१६ मध्ये अशी रचना मांडली. तिच्यात प्रत्येक व्हॉक्सेल वेळेनुसार बदलणाऱ्या नोंदी ठेवतो, आणि जिथे बदल थोडा तिथे त्या नोंदी गाळून टाकतो. तिथे वेगाचा अंदाज लागतच नाही. भोवऱ्यात वळणारा धूरही वळतो आणि ज्योत वातीजवळच पेटते. सरळ रेषेने मागे जाणाऱ्या पद्धतीत वेगवान भोवरे बाहेरच्या बाजूला ताणले जातात, तो दोषही त्यातून जातो.

बाकीच्या अडचणी छोट्या आहेत, पण वेळ खाणाऱ्या आहेत. वेगाचं एकक हा त्यातला राजा. सिम्युलेशन सेकंदाच्या हिशोबाने वेग लिहितं आणि वाचणाऱ्याने तो चौकटीच्या हिशोबाने वाचला, तर ब्लर २४ पट होतो आणि सगळा धूर नाहीसा होतो. संकलनात शॉट निम्म्या गतीवर आणला की साठवलेला वेगही निम्मा करावा लागतो. कधी भिंतीला टेकलेल्या एखाद्याच कप्प्यात वेडावाकडा प्रचंड वेग येतो. धूर कुठवर पोचू शकेल याची चौकट रेंडरर सर्वांत मोठ्या वेगावरून आखतो, म्हणून त्या एका कप्प्यापायी रेंडर तासन् तास रखडतो. आर्नोल्डमध्ये असे बहकलेले वेग बाजूला काढण्याची मर्यादा देता येते. तिचं नाव खूप जणांना माहीत असतं, उपयोग थोड्यांना.

कंपोझिटिंगमध्ये नंतर ब्लर लावण्याबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. घन वस्तूच्या प्रत्येक पिक्सेलला एक वेग असतो, म्हणून तिथे ही सोय चालते. धुराच्या एका पिक्सेलमागे पुढचा थर डावीकडे, मधला वर आणि मागचा उजवीकडे चाललेला असू शकतो. त्या सगळ्यांची सरासरी काढली की कधी कधी शून्य उरतं, आणि सर्वांत जास्त खळबळ असलेली जागा सर्वांत स्थिर दिसते. दूरच्या, पार्श्वभूमीतल्या धुराला ते चालेल. कथेतल्या आगीला चालणार नाही.

हे पुस्तक मराठीत लिहिलं, कारण मुंबई-पुण्यात या कामात असलेल्या मुलामुलींशी मी रोज मराठीतच बोलतो. सिम, कॅश, व्हॉक्सेल, शटर हे शब्द आहेत तसेच ठेवले आहेत; ते आता आपलेच आहेत. गणित जिथे टाळता आलं नाही तिथे आकडे घालून सोडवून दाखवलं आहे, म्हणजे कागद-पेन्सिल घेऊन पडताळता येईल. पहिली चार प्रकरणं कुठल्याही सॉफ्टवेअरशिवाय वाचता येतील.

पहिल्या प्रकरणाकडे वळण्याआधी एवढं करा. रात्री एक उदबत्ती लावा, बाजूने टेबललॅम्पचा प्रकाश सोडा आणि मागे काळं कापड धरा. फोनच्या कॅमेऱ्यात शटर हाताने ठरवता येत असेल तर १/५० सेकंदावर एक फोटो काढा आणि १/१००० वर एक. मग धुरात हलकेच फुंकर मारून आणखी दोन काढा. चारही फोटो जपून ठेवा. तिसऱ्या प्रकरणात ते लागणार आहेत.